लिंक रॉडनं झाकलेले दोष : मागून उंच झालेल्या एका बसचं प्रकरण

बस आमच्याकडे आली ती तीन तक्रारी घेऊन. थांब्यावरून निघताना मागून थरथर येते. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून गेली की चाक खाली जाताना लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठणका बसतो. आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी डावीकडे कललेली दिसते. चालकानं जाता जाता चौथी गोष्टही सांगितली. तो तिला तक्रार मानत नव्हता. कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा जास्त वेळा हवा भरतो असं त्याला वाटत होतं. माझ्या अनुभवात अशी जाता जाता सांगितलेली गोष्ट फार मोलाची असते, म्हणून तीही कार्डावर लिहून घेतली.

गाडी १२ मीटर लांबीची, दोन अ‍ॅक्सलची, मागे इंजिन असलेली. पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन एअर बेलो (स्प्रिंगच्या जागी असलेल्या, हवा भरलेल्या रबरी पिशव्या), मागच्यावर चार. उंची सांभाळायला तीन लेव्हलिंग व्हॉल्व्ह : पुढे एक, मागे डावा आणि उजवा. इलेक्ट्रॉनिक काही नाही. व्हॉल्व्ह चॅसिसवर बसलेला, त्याचा दांडा आडवा, आणि दांड्याच्या टोकापासून अ‍ॅक्सलपर्यंत उभा लिंक रॉड. प्रवासी चढले की चॅसिस खाली येते, रॉड दांड्याला वर ढकलतो, व्हॉल्व्ह बेलोत हवा भरतो आणि चॅसिस परत जागेवर येते. प्रवासी उतरले की याच्या उलट. दांडा आडवा असतो तेव्हा हवा आतही जात नाही, बाहेरही जात नाही.

चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये मागच्या डाव्या बाजूचे दोन्ही बेलो बदलले होते. त्याच वेळी दोन्ही लिंक रॉड लांब करून गाडी मागून वर उचलली होती. कारण विचारलं तेव्हा चालक म्हणाला, "मागचा भाग चढावर घासत होता आणि गाडी डावीकडे वाकलेली दिसत होती. त्यांनी रॉड फिरवून दोन्ही गोष्टी नीट करून दिल्या." गाडी खरोखरच सरळ दिसत होती. इंजिन चालू असताना मागे उभं राहून पाहिलं तर खिडक्यांची रेघ जमिनीला अगदी समांतर.

इथेच आमच्या शिकाऊ मुलानं विचारलं की मग हवा थोडी कमी केली तर गाडी खाली येणार नाही का. प्रश्न चांगला होता. अनेक वर्षं काम केलेली माणसंही याच ठिकाणी चुकतात.

दाब आणि उंची

एअर बेलोतला दाब आपण ठरवत नसतो, तो वजनानं ठरतो. बेलो जितकं वजन पेलतो ते म्हणजे आतला दाब गुणिले बेलोचं परिणामी क्षेत्रफळ. या गाडीच्या मागच्या बेलोचं क्षेत्रफळ साधारण ४५० चौरस सेंटिमीटर धरलं, तर ४.३ बार दाबाला एक बेलो १९०० किलोपेक्षा थोडं जास्त वजन उचलतो. मागच्या अ‍ॅक्सलवर २००० किलोचे प्रवासी आणि सामान वाढलं तर प्रत्येक बेलोच्या वाट्याला ५०० किलो येतात आणि दाब सुमारे १.१ बारनं वाढतो. तो वाढतोच, कारण व्हॉल्व्ह चॅसिस जुन्या उंचीवर येईपर्यंत हवा भरत राहतो. वजन बदललं की दाब बदलतो, उंची तीच राहते. पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये याच्या उलट असतं, तिथे वजन वाढलं की उंची कमी होते.

म्हणून दाब कमी करून गाडी खाली आणता येत नाही. हवा सोडली तरी व्हॉल्व्ह ती लगेच भरून काढतो. उंची ठरते ती फक्त दांडा कुठे आडवा होतो यावर, म्हणजे रॉडच्या लांबीवर. रॉड १० मिमी लांब केला तर चॅसिस १० मिमी वर जाते. हे इतकं सोपं आहे, म्हणूनच घातक आहे. एक पाना आणि पाच मिनिटं मिळाली की कुणालाही गाडी "नीट" करता येते.

पहिले आकडे आणि माझी चूक

पहिल्या दिवशी घेतलेली मापं मी नंतर खोडून टाकली. मागच्या डाव्या बाजूला आधी २९८ आलं, अर्ध्या तासानं ३०४, मग ३००. मापाची जागा तीच, टेप तोच, माणूस तोच. मी पार्किंग ब्रेक ओढलेला ठेवून मोजत होतो, आणि मुख्य गोंधळ तिथेच होता.

चॅसिस वर-खाली होते तेव्हा अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे रॉड वर्तुळाच्या चापात फिरतात, त्यामुळे अ‍ॅक्सल किंचित पुढे-मागे सरकतो आणि थोडा फिरतोही. चाकं मोकळी असतील तर ती अर्धा इंच लोळतात आणि सगळं जागेवर बसतं. पार्किंग ब्रेक लावला तर मागची चाकं अडकतात, टायर जमिनीला धरून ठेवतात आणि सस्पेन्शन पीळ पडल्यासारखं ताणून राहतं. मग माप येतं ते या ताणाचं, उंचीचं नाही. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, ब्रेक मोकळा केला आणि गाडी थोडी पुढे-मागे हलवून सरळ उभी केली. आकडे बरेच जवळ आले. तरी डाव्या बाजूला तीन-चार मिलिमीटरचा फरक राहतच होता. तो का, ते पुढे येईलच.

जमीनही तपासली. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांच्या जागा पाहिल्या. जमीन डावीकडून उजवीकडे ३ मिमी उतरत होती. अ‍ॅक्सल ते चॅसिस या मापाला त्यानं फरक पडत नाही, पण डोळ्यांना पडतो, आणि या प्रकरणात आधीचा सगळा निर्णय डोळ्यांनी घेतला होता.

उंची कुठे मोजायची, हा खरं तर या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. बॉडीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजू नये. त्या मापात टायरची झीज येते, टायरची हवा येते, जमिनीचा उतार येतो, बॉडी चॅसिसवर कशी बसली आहे तेही येतं. उत्पादकानं दिलेलं माप चॅसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातल्या दोन ठरावीक जागांमधलं असतं, आणि प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. या बसच्या सर्व्हिस पुस्तकात मागच्या बेलोजवळ २६५ मिमी, पाच मिलिमीटर इकडे-तिकडे, असं दिलं होतं.

आमची मापं आली डावीकडे ३०४, उजवीकडे २९६. सरासरी ३००. म्हणजे गाडी मागून ३५ मिमी उंच होती, आणि डावी बाजू उजवीपेक्षा ८ मिमी जास्त उचललेली होती. जी गाडी सरळ दिसत होती ती सस्पेन्शनच्या हिशोबानं वाकडी होती.

८ मिमी कुठून आले

बेलोतले दाब पाहिले. डावीकडे ४.६ बार, उजवीकडे ४.१. रिकाम्या बसमध्ये दोन्ही बाजूंना थोडा फरक असू शकतो, बॅटऱ्या आणि डिझेलची टाकी कुठल्या बाजूला आहे यावर. पण अर्धा बार जास्तच होता. डावी बाजू मुद्दाम उचलली की अँटीरोल बार (गाडीचा कल रोखणारी आडवी सळई) पिळला जातो आणि विरोध करतो. त्या विरोधाचं वजनही डाव्या बेलोंनाच पेलावं लागतं. म्हणजे डावीकडचे बेलो बसबरोबर अँटीरोल बारशीही झगडत होते.

मग टायरकडे वळलो. मागची उजवी जोडी जवळपास नवी, नक्षीची खोली १५ मिमी. डावी जोडी ५ मिमीवर आलेली. टेप गुंडाळून घेर मोजला. उजवीकडे ३२४५ मिमी, डावीकडे ३१८०. घेरातला फरक ६५ मिमी, त्रिज्येत तो १० मिमीच्या आसपास येतो. अ‍ॅक्सलच डावीकडे १० मिमी खाली झुकला होता. चाकांमधल्या अंतरावरचे ते १० मिमी बेलोंच्या कमी अंतरावर आणले तर ८ मिमी होतात. आमच्या मापात नेमका तेवढाच फरक होता.

म्हणजे आधीच्या माणसानं काम मनापासून केलं होतं. बॉडी सरळ दिसेपर्यंत रॉड फिरवला आणि बरोबर ८ मिमीवर थांबला. त्याचा हात अचूक होता, माप घ्यायची जागा चुकली होती. टायरचा दोष त्यानं सस्पेन्शनमध्ये नेऊन ठेवला.

आणि तो दोष तिथे स्वस्थ बसत नव्हता. एकाच अ‍ॅक्सलवर वेगवेगळ्या घेराची चाकं असली की सरळ रस्त्यावरही लहान चाकाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. या घेरांवर दर किलोमीटरला सुमारे ६ फेऱ्या. एरवी फक्त वळणावर काम करणारे डिफरेन्शियलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) आतले गिअर चार महिने अखंड फिरत राहिले होते. तेल काढून पाहिलं, सुदैवानं लोखंडाचा कीस नव्हता.

तीनच व्हॉल्व्ह का

शिकाऊ मुलाचा दुसरा प्रश्न असा की चार कोपऱ्यांना चार व्हॉल्व्ह का नाहीत, म्हणजे प्रत्येक कोपरा वेगळा जुळवता आला असता. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही आणि चार पायांचं डुगडुगतं, त्याच कारणानं. तीन बिंदूंनी पातळी ठरून जाते. चौथा व्हॉल्व्ह लावला तर तो इतर तिघांशी भांडत राहील. कर्णावरचे दोन बेलो वजन घेतील, दुसऱ्या कर्णावरचे दोन सोडून देतील, आणि चॅसिस पिळली जाईल.

यातून तपासाची एक दिशा मिळते. ज्या अ‍ॅक्सलवर दोन व्हॉल्व्ह आहेत तोच गाडीचा डावा-उजवा कल ठरवतो. ज्यावर एक आहे तो फक्त त्या टोकाची उंची ठरवतो. या बसचं पुढचं टोक कललेलं दिसलं तरी पुढच्या व्हॉल्व्हला हात लावून उपयोग नाही, मागे जावं लागतं. सिट्रोएननं १९५५ मध्ये आणलेल्या डीएस गाडीत तर प्रत्येक अ‍ॅक्सलला एकच उंची-नियंत्रक होता आणि तो अँटीरोल बारच्या मध्यभागाशी जोडलेला होता. तिथे हवेच्या जागी तेल आणि नायट्रोजन आहे, पण उंची ओळखायची रीत हीच. मध्यभाग घेतला की कल त्या मापात येतच नाही.

थरथर आणि ठणका

३५ मिमी म्हणजे बोटभर जाडीची दोन पुस्तकं. ऐकायला फार वाटत नाही. पण मागे इंजिन असलेल्या बसमध्ये गिअरबॉक्स ते मागचा अ‍ॅक्सल हा इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट फार आखूड असतो. या गाडीचा दोन क्रॉसमधला, म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांच्या वळत्या सांध्यांमधला, भाग ७०० मिमी. चॅसिस ३५ मिमी वर गेली की शाफ्टचा कोन जवळजवळ २.९ अंशांनी वाढतो. लांब शाफ्ट असता तर हाच बदल एका अंशाच्या आत राहिला असता.

कोनमापक लावून पाहिलं. गिअरबॉक्सकडच्या क्रॉसवर ६.८ अंश, अ‍ॅक्सलकडच्या क्रॉसवर ५.२. कोनात चालणारा क्रॉस एकसारख्या वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा तो वेग थोडा वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि क्रॉस योग्य दिशेत बसवलेले असतील तर पहिल्याची चढ-उतार दुसरा पुसून टाकतो. इथे चॅसिसबरोबर पिनियनचं (मागच्या टोकाला शाफ्ट ज्या गिअरला जोडला जातो त्याचं) तोंडही थोडं फिरलं होतं, दोन कोनांत १.६ अंशांचा फरक पडला होता, आणि पुसणं अपुरं राहत होतं. निघताना पहिल्या गिअरमध्ये टॉर्क सर्वांत जास्त असतो, म्हणून थरथर तिथेच जाणवत होती. चालकाला क्लच खराब झालाय असं वाटत होतं, आणि मालकानं नवी क्लच प्लेट मागवूनही ठेवली होती. ती परत पाठवायला लावली.

ठणक्याचं कारण आणखी सरळ. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा प्रवास ठरलेला असतो : इतका दबणार, इतका ताणला जाणार. गाडी ३५ मिमी वर उभी आहे म्हणजे ताणायचा तितका प्रवास आधीच संपलेला आहे. चाक खड्ड्यात उतरलं की शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणून आतून आपटतो. मागच्या चारपैकी दोघांच्या वरच्या रबरी बुशा फाटल्या होत्या, एकातून तेल झिरपत होतं. चार महिन्यांपूर्वी ते ठीक होते.

सकाळचा कल

रात्रीतून दोन्ही बाजू थोड्या आणि सारख्या बसल्या तर घाबरू नये. हवा थंड होते. ४० अंशांवरची हवा २० अंशांवर आली की तिचं आकारमान सुमारे ६ टक्क्यांनी घटतं, आणि वजन तेच असल्यामुळे गाडी तितकी खाली बसते. पण एकच बाजू बसली तर ती गळतीच.

साबणाचं पाणी लावलं. नव्या बेलोंवर एकही बुडबुडा नाही. डाव्या व्हॉल्व्हकडून बेलोकडे जाणाऱ्या नायलॉनच्या पाइपच्या जोडावर मात्र बारीक फेस उठला. पाइप बाहेर काढला तर टोक तिरकं कापलेलं, बहुधा पकडीनं. अशा दाबून बसवायच्या जोडात आतली रबरी रिंग पाइपच्या गोल अंगावर बसते. टोक काटकोनात कापलेलं नसेल तर रिंग अर्धी धरते, अर्धी सोडते. गळती इतकी बारीक की रात्रीचे पहिले काही तास व्हॉल्व्ह टाकीतली हवा घेऊन भरपाई करत राही. टाकी एका दाबाच्या खाली गेली की संरक्षक व्हॉल्व्ह ब्रेकसाठी हवा राखून सस्पेन्शनचा पुरवठा तोडतो, आणि मग डावी बाजू बसायला लागे. कॉम्प्रेसर जास्त का चालतो याचंही उत्तर इथेच मिळालं.

ही गळती नुसत्या कलापुरती नव्हती, हे मालकाला मी बजावून सांगितलं. या गाडीत मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे बेलोतल्या दाबावरून ठरतं. बेलोत हवा कमी म्हणजे गाडी रिकामी, असं त्या व्हॉल्व्हला वाटतं, आणि तो ब्रेकचा जोर कमी करतो. भरलेली बस घेऊन बसक्या बेलोवर निघणं म्हणजे मागचे ब्रेक हात आखडून घेतात.

डाव्या लिंक रॉडकडे आलो तेव्हा पहिल्या दिवसाच्या न जुळणाऱ्या आकड्यांचं उरलेलं कारण सापडलं. खालचा रबरी सांधा सैल पडला होता, हातानं हलवला तर खटखट. आणि रॉड इतका लांब केला होता की डाव्या टोकात फक्त चार आटे पकडीत उरले होते. ते चार आटे पाहून पोटात गोळा आला. तो रॉड वाटेत निसटला असता तर दांडा खाली पडला असता, त्या बाजूची सगळी हवा बाहेर गेली असती आणि बस वेगात असताना एका बाजूनं बसली असती.

दुरुस्ती

रॉडला आम्ही शेवटी हात लावला. आधी मागच्या अ‍ॅक्सलवर चारही टायर सारख्या घेराचे घातले आणि सारखी हवा भरली. पाइप काटकोनात कापून नवा जोड बसवला. दोन्ही लिंक रॉड सांध्यांसह नवे घेतले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चारही बदलले.

मग घासण्याचा प्रश्न. रॉड लांब करण्याचं मूळ कारण तेच होतं, ते तसंच ठेवलं तर आज खाली केलेली गाडी उद्या कुणीतरी परत वर करणार. मागच्या टोकाखाली आडवं झोपून पाहिलं. इंजिनाखालच्या पत्र्याचा एक ब्रॅकेट वाकून ४० मिमी खाली लोंबत होता आणि त्याचं टोक घासून चकाकत होतं. तोच एकटा जमिनीला लागत होता. त्याच्यासाठी अख्खी बस उचलली होती. ब्रॅकेट सरळ करून पत्रा जागेवर बसवायला वीस मिनिटं लागली.

गाडीखाली जाण्याबद्दल इथे थांबून सांगतो, कारण याच कामात माणसं चिरडली जातात. हवेवर उभी असलेली गाडी ही आधारावर उभी नसते. लिंक सोडली, पाइप काढला, चुकून दांड्याला कोपर लागलं, की चॅसिस काही सेकंदांत बंप स्टॉपवर, म्हणजे अगदी खालच्या अडसरावर, येते. आपलं डोकं, हात किंवा छाती त्या वेळी टायर आणि बॉडीमध्ये असेल तर सुटका नाही. चॅसिसखाली, उत्पादकानं सांगितलेल्या जागी, लोखंडी घोड्या लावल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. घोड्या नसतील तर काम नाही. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. आणि बेलो गाडीवर बसवून त्यावर वजन येण्याआधी त्यात पूर्ण दाबानं हवा भरायची नाही, तो फाटून उडू शकतो.

आता जुळवणी. रिकामी बस, पुढची चाकं सरळ, ठोकळे लावलेले, पार्किंग ब्रेक मोकळा, टाकीत ७ बारच्या वर हवा. आधी लिंक काढून दोन्ही व्हॉल्व्ह तपासले : दांडा वर केला की भरतो का, खाली केला की सोडतो का, मधे ठेवला की गप्प राहतो का. या व्हॉल्व्हमध्ये मधल्या स्थितीसाठी एक बारीक छिद्र आहे, त्यात खुंटी घातली की दांडा नेमका तटस्थ जागी अडकतो. खुंटी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी. ती काढायला विसरलो तरी तुटून जाईल, लोखंडाची असती तर व्हॉल्व्हच मोडला असता.

पुढची उंची आधी पाहिली. मागची बाजू खाली-वर झाली की पुढची मापं थोडी हलतात, पण पुढचा व्हॉल्व्ह ते सांभाळून घेतो. पुढे सगळं ठीक होतं. मग मागची हवा पूर्ण सोडली, परत भरली, गाडी स्वतःहून थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मोजलं. वाट पाहणं महत्त्वाचं. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला हवा वाया जाऊ नये म्हणून काही व्हॉल्व्ह मुद्दाम काही सेकंद उशिरा उघडतात. घाईनं मोजलं तर आपण अजून हलणारी गाडी मोजत असतो. रॉड अर्धा फेरा, थांबणं, माप. डावा जुळला की उजवा एखाद मिलिमीटर हलतो, मग तो, मग परत डावा.

शेवटी खालून आणि वरून, दोन्ही दिशांनी येऊन पाहिलं. खालून भरत आणलेली गाडी एका जागी थांबते आणि वरून सोडत आणलेली थोडी वर थांबते, कारण व्हॉल्व्हच्या मधल्या स्थितीला काही रुंदी असते. आमच्या गाडीत ती रुंदी ३ मिमी भरली. कितीही बारीक जुळवलं तरी यापेक्षा बारीक काही मिळणार नाही, आणि तेवढ्यासाठी तासभर घालवू नये. डावीकडे २६६, उजवीकडे २६४ वर थांबलो. दाब ४.३ आणि ४.२. क्रॉसचे कोन ३.९ आणि ३.६.

एक गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो. मागचं टोक ३५ मिमी खाली आलं म्हणजे पुढचे दिवे वर पाहू लागतात. ६ मीटर व्हीलबेसवर हिशोब केला तर १० मीटर अंतरावर प्रकाश सुमारे ५८ मिमी वर जातो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जायला तेवढं पुरे. दिवे परत जुळवले.

इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शनच्या मोटारी चालवणाऱ्यांनी हे प्रकरण बस-ट्रकचं म्हणून सोडून देऊ नये. तिथे व्हॉल्व्हच्या दांड्याच्या जागी उंचीचा सेन्सर असतो, पण त्यालाही अ‍ॅक्सलकडे जाणारी छोटी लिंक असतेच. ती लिंक बदलून गाडी खाली बसवायची फॅशन आहे. कंट्रोल युनिटला वाटतं गाडी योग्य उंचीवर आहे, आणि ते वेगानुसार खाली करणं, दिवे हलवणं वगैरे सगळं त्या खोट्या शून्यापासून मोजतं. सेन्सर बदलल्यावर करायचं कॅलिब्रेशन हे त्याला खरं शून्य दाखवण्यासाठी असतं. त्यालाही सपाट जमीन, सारखे टायर आणि टेपनं हातानं घेतलेलं माप लागतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा तासांनी पाहिलं. दोन्ही बाजू ७ मिमी बसल्या होत्या, अगदी सारख्या. इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांत परत जागेवर. बस भरून निघाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिल्या गिअरमध्ये सुटताना पायाखालचा पत्रा शांत होता. गतिरोधकावर ठणका नाही.

गाडी देण्याआधी दोन्ही रॉडच्या चेक नटवर (लांबी पक्की धरणाऱ्या नटवर) पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, नट आणि रॉड दोहोंवरून जाणारी. कुणी नट हलवला की रेघ तुटणार. चालकाला ती रेघ दाखवली आणि २६५ हा आकडा त्याच्या वहीत लिहून दिला. म्हटलं, गाडी कधी वाकलेली दिसली तर आधी टायर पाहा, मग साबणाचं पाणी, आणि कुणी पाना घेऊन रॉडकडे निघाला तर त्याला विचारा की माप कुठून कुठपर्यंत घेतलं.

तीन आठवड्यांनी बस तेल बदलायला आली. खाली टेप लावला, २६५ आणि २६४. रेघ दोन्हीकडे अखंड होती.